गंधवानीचा फोन

नवऱ्याला क्लबात मीच नेलं. त्यांनी हट्ट धरला नव्हता, कोणी बोलावलंही नव्हतं. एका रविवारी जेवणं आटोपल्यावर मीच म्हटलं, "चला हो माझ्याबरोबर. दुपारभर खिडकीत बसून काय करता?"

बँकेतून निवृत्त होऊन त्यांना काही महिने झाले होते. मी अजून शाळेत गणित शिकवत होते. घरी यावं तर स्वयंपाकघरातल्या डब्यांनी जागा बदललेल्या असायच्या. डाळी वर, रवा खाली आणि हिंगाची डबी शोधून शोधून सापडायची नाही. "असं सोयीचं पडतं," हे म्हणायचे. कोणाला सोयीचं, असं विचारलं की वर्तमानपत्र उघडायचे. तसे ते पहिल्यापासून घरात कमीच बोलणारे. धारचं त्यांचं घर जुनं, दरबारी कारकुनीतलं. सासरे दिवसभर जे काही बोलायचे ते बहुतेक देवाशीच. मुलगा त्यांच्यावर गेलेला.

आमचा क्लब म्हणजे देवासला पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वरचा हॉल. दुकानाच्या मालकांना सगळे सेठजी म्हणतात. मालवी माणूस, बोलणं मोठ्याने, मन त्याहून मोठं. त्यांच्या हॉलभर कमरेएवढ्या उंचीच्या फळ्या आहेत आणि फळ्यांवर छोट्या आगगाडीचे रूळ. वीतभर डबे, बोटभर सिग्नल, काडेपेटीएवढी केबिन. रेघ देवासहून निघते, सोनकच्छ, बागली करत धारला जाते आणि धारहून एक फाटा गंधवानीला. नकाशा बघून कोणी हसेल, कारण ही गावं एका रेघेत येतच नाहीत. पण क्लब सुरू करताना आम्ही ठरवलं होतं, देवास सोडलं तर ज्या गावांनी आपल्या लहानपणी आगगाडी पाहिली नाही ती गावं घ्यायची. खऱ्या रेल्वेने नाही जोडलं तर आपण जोडू.

नुसती गाडी गोलगोल फिरवणं वेगळं आणि महिन्यातून एकदा होणारं सेशन वेगळं. सेशनला प्रत्येक स्टेशनावर एक माणूस बसतो, तो तिथला मास्तर. ड्रायव्हर हातात रिमोट घेऊन आपापल्या गाडीशेजारून चालतात. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पळतं ठेवलेलं असतं, दुपारभरात गाड्यांचा अख्खा दिवस उलटतो. वेळापत्रक असतं, मालगाडीच्या डब्यांना चिठ्ठ्या असतात, सोनकच्छच्या मंडीतलं सोयाबीन देवासच्या कारखान्यात पोचायचं असतं. रूळ एकेरी. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी कोणाला कुठल्या स्टेशनात बाजूला घ्यायचं, हे कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून बसलेला एक माणूस ठरवतो. त्याला गाड्या दिसत नाहीत. त्याच्यासमोर एक मोठा कागद, पेन्सिल आणि फोन. त्याला म्हणतात कंट्रोल.

कंट्रोल मी होते. पहिल्या सेशनपासून.

माझे वडील लहान लहान स्टेशनांवर मास्तर होते. मी क्वार्टरात वाढले. फोनची घंटी, सिग्नल पडल्याचा खटका, मालगाडीच्या शेवटच्या डब्याचा आवाज, हे सगळं कानात भरलेलं. लग्न होऊन धारला गेले तेव्हा पहिल्यांदा काय जाणवलं असेल, तर पहाटे शिटी ऐकू येत नाही हे. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शिटी? ती कुकरची वाजेल की आता." पुढे यांची बदली देवासला झाली, आम्ही इथलेच झालो आणि फार वर्षांनी मला हा हॉल सापडला. कागदावर पेन्सिलीने गाड्यांच्या तिरक्या रेघा ओढताना, दोन रेघा नेमक्या बागलीच्या आडव्या रेघेवर एकमेकींना छेदताना जे वाटायचं, ते मी कोणाला सांगू शकले नसते. माझ्या सेशनला गाड्या वेळेवर चालायच्या. सेठजी म्हणायचे, "मॅडमजी बैठी हैं तो अपन बेफिकर." ते मला पुरत होतं.

यांना मी गंधवानी दिलं. सगळ्यात सोपं स्टेशन. फाट्याचं टोक, प्रवासी आणि माल एकत्र नेणारी एक मिक्स्ड गाडी दिवसाला येणार, थांबणार आणि परत जाणार. अधूनमधून लाकडाचे डबे. नवख्या माणसाकडून तिथे काही बिघडत नाही. पहिल्या सेशनला हे स्टुलावर गप्प बसून होते. मी मनात म्हटलं, झालं, दोन महिन्यांत कंटाळतील.

दुसऱ्या सेशनला फोन वाजला. आमच्या फोनची गंमत अशी की लाइन सगळ्यांची एकच, एक बोलला की सगळ्या स्टेशनांना ऐकू जातं.

"कंट्रोल, गंधवानीहून बोलतोय. मिक्स्ड सुटायला जरा उशीर होतोय."

"कारण?" मी पेन्सिल हातात धरून विचारलं.

"वऱ्हाड चढतंय. नवरीची पेटी बैलगाडीत राहिली, नवरीचा मामा ती आणायला पळालाय. मामा जाड आहे. वेळ लागेल."

क्षणभर हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. मग ती गाडी चालवणारे आमचे दातांचे डॉक्टर मोठ्याने हसले आणि म्हणाले, "अरे भिया, मामा को बोलो पीछे के डिब्बे में चढ़ जाए, मैं धीरे निकालता हूँ." सोनकच्छहून सेठजी ओरडले, "पेटी में क्या है, ये तो पूछो!" आणि हे, माझे हे, अगदी शांत आवाजात म्हणाले, "पेटीत नवरीच्या आजीने दिलेलं लोणचं आहे, म्हणून तर सगळे थांबलेत."

हॉल हसत होता. मी पाठमोरी होते. कागदावर मिक्स्डची रेघ मी पुढे सरकवली. उशीर फार नव्हता. पण हा आवाज कोणाचा, हे मला कळेना. इतक्या वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता.

नंतर दर सेशनला गंधवानीत काही ना काही घडायला लागलं. एकदा शाळेतले गुरुजी चुकीच्या गाडीत बसले. एकदा रुळावर बकरी आली आणि ती हलेना, कारण ती कोणाची यावरून दोन भाऊ भांडत होते. पुढच्या महिन्यात सेठजींनी खरोखरची बकरी आणून चिकटवली, नखाएवढी. मग चहाची टपरी आली, मग टपरीवर बाक. ड्रायव्हर मंडळी, जी आधी एक्स्प्रेससाठी भांडायची, ती गंधवानी मिक्स्डसाठी भांडायला लागली. माझ्या मेन लाइनच्या फोनवरसुद्धा लोक विचारायचे, "कंट्रोल, बागली से गाड़ी निकल गई. और गंधवानी की क्या खबर?"

मला हेवा वाटत होता. दुसरा शब्द नाही त्याला. मी क्लब उभा राहताना होते, फळ्यांना सँडपेपर मी मारला, वेळापत्रक मी बसवलं. मी ग्रुपवर सेशनच्या सूचना टाकल्या की एखाद-दुसरा अंगठा येई. यांनी "उद्या गंधवानीत हाट आहे" एवढं लिहिलं की बदामांची रांग लागे. डॉक्टर संध्याकाळी घरी यायला लागले. दारातूनच विचारायचे, "भिया हैं क्या?" मी चहा ठेवायचे आणि बैठकीतून हसण्याचा आवाज ऐकत दुधावर लक्ष ठेवायचे. डॉक्टर गेले की घर परत होतं तसं गप्प.

एकदा जेवताना मी विचारलंच. "तिथे एवढं सुचतं तुम्हाला. घरी काय होतं?"

यांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "घरी काय सांगायचं? तुला सगळं आधीच माहीत असतं."

ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

मग इंदूरच्या एका क्लबचे लोक सेशन बघायला येणार असं ठरलं. त्यांच्याबरोबर पुण्याचे एक गृहस्थ होते, ज्यांचा या छंदात दबदबा आहे असं ऐकलं होतं. मी महिनाभर नवं वेळापत्रक बांधलं. सोयाबीनची खास मालगाडी, एक्स्प्रेस आणि उलटून येणारी पॅसेंजर, तिन्ही बागलीच्या आसपास एकाच सुमाराला येतील आणि एकही थांबून राहणार नाही, असं. शाळेच्या पेपर तपासणीतसुद्धा माझ्या डोक्यात बागलीच होतं.

त्या दिवशी ते जमलं. मालगाडी आधी धारच्या बाजूने आत घेतली, एक्स्प्रेस समोरून धडधडत गेली, तिच्या मागोमाग पॅसेंजरला वाट मिळाली. मी वळून पाहिलं. बागलीपाशी तिथला मास्तर आणि ते तीन ड्रायव्हर यांच्याशिवाय कोणी नव्हतं. पाहुणे, सेठजी, रिकामे सगळे गंधवानीच्या फळीभोवती गोळा झाले होते. तिथे म्हणे कलेक्टर साहेबांचा दौरा होता आणि साहेबांना बसायला खुर्ची सापडत नव्हती. हे फोनवरून स्टेशन स्टेशनला खुर्ची मागत होते. धारचा मास्तर सांगत होता, खुर्ची आहे पण तिला एक पाय कमी आहे.

मी फोन उचलला. "गंधवानी. इथे गाड्या चालवायच्या आहेत, गप्पा मारायच्या नाहीत. लाइन मोकळी ठेवा."

सगळ्यांनी ऐकलं. ऐकू जावं म्हणूनच तो फोन आहे.

"जी, कंट्रोल," हे म्हणाले.

त्यानंतर सेशन बिनचूक झालं. गाड्या मिनिटाला मिनिट जुळल्या. लोक कामापुरतं बोलत होते, "आली," "सुटली," "लाइन क्लिअर." शेवटी पुण्याच्या गृहस्थांनी माझ्या कागदाकडे वाकून पाहिलं, "फार सुरेख काम आहे, बाई," असं मनापासून म्हणाले. मी फुलले असेन. मग जिन्याकडे जाता जाता त्यांनी सेठजींना विचारलं, "ते गंधवानी मध्येच बंद का पडलं हो? साहेबांना खुर्ची मिळाली की नाही?"

स्कूटरवर मी मागे बसले होते. वाटेत यांनी थांबून दूध घेतलं. घरी आल्यावर त्यांनी दुधाची पिशवी आत ठेवली, कपडे बदलले आणि खिडकीत बसले. रागावले असते तर भांडता आलं असतं.

पुढच्या सेशनच्या आधी कचोरी खाताना सेठजींनी सहज सुचवल्यासारखं म्हटलं, "मॅडमजी, एक बार भिया को कंट्रोल पे बिठा के देखें? मज़ा आएगा."

"नको नको," हे लगेच म्हणाले, "ते काम हिचं आहे. मला नाही जमायचं."

हे मोठेपण मला सहन झालं नाही. माझी खुर्ची हे मला दान देणार! "जमेल की," मी म्हटलं. "बसा तुम्ही. मी गंधवानी बघते."

म्हणून मी त्या स्टुलावर बसले. समोर बकरी, टपरी, टपरीवरचा बाक. बाकावर सेठजींनी नवा आणलेला एक माणूस बसवला होता, पाय लांब करून. माझी गाडी यायला अजून वेळ होता. मी कंट्रोलकडे पाहत होते. यांनी रेघा ओढायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात त्यांचा कागद बघवेना. बागलीला एक्स्प्रेस आणि मालगाडी दोन्ही दारात उभ्या, आत जायला जागा नाही. मला दुरूनच कळत होतं काय करायला हवं ते. मी जिभेवर आलेलं गिळलं. वाटलं, आता कळेल सगळ्यांना.

यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "मंडळी, मी बागलीत गाठ मारून ठेवली आहे. कशी सोडवू?"

कोणी चिडलं नाही. डॉक्टर म्हणाले, मी मालगाडी मागे घेतो. सेठजी म्हणाले, "पीछे मत लो, दो टुकड़े कर दो." बागलीच्या मास्तरने तिसरंच काही सुचवलं. चारजण फळीवर वाकून बोलत होते, हसत होते, गाडीचे दोन तुकडे करून एकेक आत घेत होते. एक्स्प्रेस तासभर लेट झाली आणि त्या एक्स्प्रेसचा ड्रायव्हर मजेत चहा पीत होता. मी कित्येक वर्षं जे होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, ते झालं होतं आणि कोणाचंच काही अडलं नव्हतं. उठून खाली निघून जावं असं वाटलं.

तेवढ्यात माझ्यासमोरचा फोन वाजला.

"गंधवानी, कंट्रोल बोलतोय."

"मिक्स्ड धारहून सुटलेली नाही अजून," मी म्हटलं. "आली की वेळेवर परत पाठवते."

"ते तू करशीलच. तिकडे हवा कशी आहे?"

लाइनवर सगळे होते. मला श्वास ऐकू येत होते. मला काही विनोद सुचेना. मला तसं सुचतच नाही. मी समोरच्या काडेपेटीएवढ्या क्वार्टराकडे बघत राहिले.

"अंधारून आलंय," मी म्हटलं. "मास्तरच्या क्वार्टराच्या दारात एक मुलगी उभी आहे. वडील ड्युटीवरून जेवायला यायचे आहेत. आईने दोनदा आत बोलावलं, ती येत नाही."

कोणी हसलं नाही. माझ्याच कानांना माझा आवाज वेगळा लागला.

"का येत नाही?" यांनी विचारलं.

"मालगाडी अडकली आहे. ती सुटल्याशिवाय वडील येणार नाहीत, हे तिला ठाऊक आहे. ती डबे मोजायला थांबली आहे. शेवटचा डबा गेला की पहिल्यांदा तिला कळतं, आईला नंतर."

यांनी कागदावर एक नवी रेघ ओढली. मग अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "धार, मिक्स्ड थांबवा. आधी मालगाडी गंधवानीला सोडा. मास्तर जेवायचे राहिलेत."

वेळापत्रकात तशी मालगाडी नव्हतीच. पण डॉक्टरांनी जे हाताला लागले ते डबे जोडले आणि ती गाडी फाट्यावरून हळूहळू माझ्याकडे घेऊन आले. मी तिला आत घेतलं. कंट्रोलला फोन केला, "मालगाडी आली. लाइन क्लिअर." एवढंच जमलं मला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर हे खिडकीकडे गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी कणीक मळत होते.

"हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस."

"तुम्ही कधी विचारलं होतं?"

"आज विचारलं," ते म्हणाले. आणि मग, "डबे किती असायचे?"

मी सांगायला लागले. पोळ्या होईपर्यंत सांगत होते. ते मध्ये मध्ये विचारत होते, सिग्नलचा दिवा कोण लावायचं, क्वार्टरात पाणी कुठून यायचं. त्या आवाजात, गंधवानीच्या. तेव्हा मला कळलं की इतके महिने मला डॉक्टरांचा हेवा वाटत होता, सेठजींचा, धारच्या त्या मास्तरचा, ज्याला एक पाय कमी असलेल्या खुर्चीवरून माझ्या नवऱ्याशी इतका वेळ बोलता आलं. कंट्रोलच्या खुर्चीची मला काळजी होती ती होतीच, नाही असं नाही. पण त्याखाली हे होतं.

पुढच्या महिन्यात मी कंट्रोल परत घेतलं. यांचा कागद मी जपून ठेवला नाही, फाडला. तसा कागद हॉलमध्ये राहणं बरं दिसत नव्हतं. आम्ही एक ठरवलं: मेन लाइनवर दोन गाड्यांची गाठ पडत असेल तेव्हा गंधवानीने गप्प बसायचं, एरवी काहीही घडू द्यावं. ठरलेलं ते पाळतात. बहुतेक वेळा. मी अजूनही मध्येच चिडते आणि ग्रुपवर त्यांच्या बदामांकडे अजूनही माझं लक्ष जातं.

पण एक गंमत झाली. इंदूरच्या क्लबने आता आम्हाला त्यांच्याकडे बोलावलं आहे. त्यांचा निरोप आला तो माझ्या फोनवर. मॅडमनी आमच्या एका लहान स्टेशनावर बसावं अशी सगळ्यांची इच्छा आहे, डॉक्टरांनी त्या मुलीबद्दल सांगितलं, आणि सर पण आले तर आनंद होईल.

यांनी चष्मा लावून तो निरोप दोनदा वाचला.

"'सर पण'," ते म्हणाले. "पण?"

"आनंद होईल असं लिहिलंय की पुढे."

"हो, पण आधी 'पण' आहे."

ते दिवसभर जरा गप्प होते, पहिल्यासारखे. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा यांनी त्यांना विचारलंसुद्धा, तुम्ही इंदूरच्या लोकांना नक्की काय काय सांगितलं म्हणून. मी आत चहा ठेवला होता. खोटं का बोलू, मला फार बरं वाटलं. मी साखर जरा जास्तच टाकली.